दाराचा तराफा

सोराइदा पावाच्या रांगेतून परतली तेव्हा घराचं दार जागेवर नव्हतं. चौकट तेवढी आ वासून उभी होती, आणि आत मारेलिस बापाच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन शेवटची बिजागरी उपसत होती. एलादियोने, सोराइदाच्या सुतार नवऱ्याने, मरायच्या आधीच्या वर्षी स्वतःच्या हातांनी केलेलं ते जाड दार फरशीवर आडवं पडलं होतं, आणि क्षणभर तिला वाटलं, घरात कुणाचं तरी कलेवरच ठेवलंय... पाव तिने टेबलावर ठेवला आणि तशीच उभी राहिली.

त्या ऑगस्टात पोलिसांनी समुद्राकडे पाठ फिरवली होती. कालपर्यंत देश सोडून पळण्यासाठी तुरुंग होता, आणि आता लोक तीच तयारी भर दुपारी, किनाऱ्यावर, गाणी म्हणत करत होते. कुणी पलंगाचा तराफा बांधत होतं, कुणी पाण्याच्या टाकीचा. पलीकडे मायामी होती. मध्ये काय होतं, हे कुणी बोलत नव्हतं.

"तराफ्याला तळ हवा," मारेलिस म्हणाली, तिच्याकडे न बघता.

"अगं पण दार? घर उघडं..."

"दार माझ्या बापाचं आहे." आता मात्र पोरीने मान वर केली. "माझ्या नावात बापाचं आडनाव आहे, मागे माझ्या आईचं आहे. मारेलिस आर्मेंतेरोस सेपेरो. यात तुझं काही आहे का कुठे, सोराइदा?"

नव्हतं. बापाचं आडनाव आधी, आईचं मागून, आणि सावत्र आईला नावात जागाच नाही. पोर पाच वर्षांची असल्यापासून सोराइदाने तिच्या उवा काढल्या, तापात उशाशी बसली, पंधराव्या वाढदिवसाचा निळा झगा रात्रंदिवस खपून शिवला. तरी भिंतीवरच्या फोटोतली आई कधी रागावली नव्हती, कधी चुकली नव्हती. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं. सोराइदाला मारेलिस नावानेच हाक मारायची, आणि गेलं वर्षभर तर तीही फक्त भांडताना.

त्याला कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात मारेलिस आणि तिच्या मैत्रिणी ट्रकच्या जुन्या ट्यूबा बांधून चोरून निघायच्या बेतात होत्या. सोराइदाने त्या ट्यूबांना हात लावून पाहिला, तर नखाखाली रबराचा भुगा होत होता... आणि तिने एलादियोची पटाशी घेऊन एकूण एक ट्यूब चिरून टाकली! हे समुद्रात दुपारपर्यंतही टिकलं नसतं, असं ती परोपरीने सांगत राहिली. मारेलिसने एवढंच ऐकलं की बाईने पोलिसांना भिऊन आपलं आयुष्य चिरलं. सावत्र ती सावत्रच.

या खेपेला पटाशी उचलून भागणार नव्हतं. पोरगी एकोणीस वर्षांची, आणि डोळ्यांत असा निर्धार की अडवलं तर ती पोहत जाईल. मग सोराइदा विल्फ्रेदोकडे गेली. एलादियोचा हा जुना मित्र, जन्माचा कोळी, मारेलिसला आणि आपल्या पुतणीला घेऊन निघणार होता. त्याच्याकडे सगळं होतं, ट्यूबा मात्र तसल्याच, ठिगळांच्या. सोराइदा घरी आली, शिलाई मशीन चादरीत गुंडाळलं आणि ट्रकच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरला देऊन नव्या कोऱ्या ट्यूबा आणल्या. तिचं पोट त्या मशीनवर चालायचं, पण त्याचा विचार करायला तिला सवड नव्हती.

"तुम्ही मिळवल्यात म्हणून सांगा," ती विल्फ्रेदोला म्हणाली. "माझ्या हातचं आहे कळलं तर ती बसायची नाही त्यावर. शपथ घ्या."

"वहिनी, तुम्हीही चला की."

"तीन माणसांचा तराफा आहे. चौथं बसलं की तो चार बोटं खाली जाईल. तुम्हाला मी सांगायला हवं का?"

विल्फ्रेदोने कोब्रेच्या कुमारीची, समुद्रात सांभाळणाऱ्या त्यांच्या देवीमातेची, शपथ घेतली. खरं सांगायचं तर सोराइदा चार बोटांचा हिशेब विसरलीही असती, पोरीने एकदा, नुसतं एकदा, 'तू येतेस का' म्हटलं असतं तर. पण मारेलिसने मशीनची रिकामी जागा पाहिली आणि म्हणाली, "विकून डुकराचं मटण खाल्लंस वाटतं." लग्नातल्या चादरीचं शीड सोराइदाने हातानेच शिवलं, दुहेरी टाका घालून, बोटांच्या चाळण्या होईपर्यंत.

निघायच्या सकाळी तिने पोरीच्या खांद्यांना उन्हासाठी मध चोपडला. मारेलिसने चोपडू दिला, एवढंच. दार पाण्यात उतरलं, पांढरं शीड ताठ झालं, आणि हळूहळू ते दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं झालं, मग तेवढंही राहिलं नाही. पोरीने मागे वळून पाहिलं की नाही, हे सोराइदाला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसलंच नाही.

त्यानंतरची भीती मात्र तिच्या घरातच राहायला आली. दार नसलेल्या चौकटीला तिने गोणपाट लावलं. वारा आला की ते फुगायचं आणि हिच्या काळजाचं पाणी व्हायचं. कुमारीच्या तसबिरीपुढे पाण्याचा पेला ठेवून ती अक्षरशः देव पाण्यात घालून बसली. पेल्यातलं पाणी जरा हललं तरी तिला लाटा दिसत. उत्तरेकडे काळं आभाळ भरून आलं तेव्हा तर तिने घास तोंडाशी नेला आणि तसाच परत ठेवला. लोक सांगत, रिकामे तराफे सापडताहेत... एकावर बाळाची चप्पल होती म्हणे.

आणि रोज संध्याकाळी मायामीचा रेडिओ समुद्रातून वाचवलेल्यांची नावं वाचायचा. तो ऐकायला बंदी होती, पकडलं तर आफत. भिंतींना कान असतात म्हणतात. इथे तर दारच नव्हतं! त्यातून समोरच्या घरात एनेदिना, गल्लीवर नजर ठेवायला सरकारी समितीने नेमलेली बाई. कुणाकडे कोण आलं, कुणाच्या हंडीत काय शिजलं, सगळं तिला पाठ. सोराइदा रेडिओ उशीखाली ठेवायची आणि उशीला कान लावून पडायची.

त्या संध्याकाळी गोणपाट बाजूला झालं. एनेदिना चौकटीत उभी होती. रेडिओ बंद करायचंही सोराइदाला सुचेना. मारेलिसला भूक लागली होती का, ती जिवंत होती का, हे न कळताच आता आपल्याला नेणार, एवढाच विचार तिच्या मनात आला.

"मोठा कर," एनेदिना म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. "माझा पोरगा रिगोबेर्तो गेलाय. मला न सांगता."

मग दोघी शेजारी बसून ऐकू लागल्या. नावांमागून नावं, संथ आवाजात. कुणाच्या तरी घरी आता टाहो फुटत असेल, आनंदाचा... आणि एकाएकी आवाज म्हणाला, मारेलिस आर्मेंतेरोस...

सोराइदाने उशी छातीशी आवळली.

...किआला.

तिचे खांदे गळले. सेपेरो नाही. दुसरीच कुणी मारेलिस, दुसऱ्याच कुणा आर्मेंतेरोसची, कुणा भाग्यवान आईची. "आमची नव्हे," ती कशीबशी म्हणाली.

एनेदिना तिच्याकडे बघतच राहिली. "अगं, या किनाऱ्यावरची एकूण एक नावं मला पाठ आहेत, तेच माझं काम. किआला इथे एकच घर आहे, तुझं. बाराकोआहून आलेली तू."

सोराइदाला आपलंच आडनाव परकं वाटलं. ते कधी कुणाच्या नावामागे लागलेलं तिने ऐकलंच नव्हतं. मग तिला विल्फ्रेदो दिसला, भर समुद्रात, नव्या ट्यूबांवर हात ठेवून सगळं सांगून टाकणारा. "शपथ मोडली मेल्याने!" ती पुटपुटली, आणि त्याच क्षणी रेडिओने त्याचं, मग त्याच्या पुतणीचं नाव घेतलं. वाचवणाऱ्यांनी नाव विचारलं असेल... उन्हाने सोललेल्या ओठांनी पोरीने ते सांगितलं असेल, बापाचं आधी, मागून आईचं. सोराइदा तोंडात पदर कोंबावा तशी उशी कोंबून रडू लागली. चौदा वर्षांचं साठलेलं ते रडणं होतं, त्याला शेवटच नव्हता.

नावं संपली. रिगोबेर्तोचं त्यात नव्हतं. एनेदिना उठली आणि रेडिओच्या बटणाकडे तिने हात नेला.

सोराइदाने तो हात धरला. डोळे पुसले, उठून दुसरा पेला पाण्याने भरला आणि कुमारीपुढे पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. "पुन्हा वाचतील. माझी मुलगी पोचली. तुझा यायचाय अजून."