नीराबाईनं घेतलेला बोल

"हात लावू नको माझ्या नातवाला!" सासू सखुबाई कडाडली, आणि पाळण्याकडे झेपावलेले नीराबाईचे हात जागीच थिजले...

काशीदच्या त्या कोळ्याच्या घरातली नीराबाई थोरली सून. तिच्या पदरी मूल नव्हतं. धाकटी जाऊ कोकिळा बाळंतपणानंतर तापानं पडली, तिचं दूध आटलं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं मुंबईहून पावडरीच्या दुधाचा डबा आणला आणि तान्ह्या रतनचं सारं करणं नीराबाईनं किती आनंदानं अंगावर घेतलं होतं! त्या दिवशी मात्र ती किनाऱ्यावर मासळी वाळत घालायला गेली, आणि परतून पाहते तो पोर उलट्या-जुलाबांनी मलूल झालेलं!

मुरुडहून डॉक्टर आले. त्यांनी सुई टोचली, मग पाळण्याजवळची दुधाची बाटली हुंगून पाहिली.

"डब्यातल्या पावडरीतसुद्धा जंतू असू शकतात. कोमट पाण्यात कालवून दूध या उकाड्यात ठेवून दिलं की ते फोफावतात. दूध दर वेळी उकळत्या पाण्यात ताजं करा, निववून पाजा, उरलेलं फेकून द्या. हे कुणी भरून ठेवलं होतं?"

कोकिळेचा चेहरा पांढराफटक पडला. नीराबाईला सारं उमगलं. दूध आटलं म्हणून सासू आधीच कोकिळेला माहेरी धाडायला टपलेली... नीराबाईचं अंतःकरण कळवळलं.

"मी," ती शांतपणे म्हणाली.

तेव्हापासून तिला पाळणा बंद झाला. पडवीत जाळं विणता विणता ती आतलं रडणं ऐकायची. जीव तुटायचा, पण रोज तो आवाज खणखणीत होत चालला, तसं तिचं मन एका अपूर्व तृप्तीनं भरून यायचं.

एका सकाळी रतन खुदकन हसला, आणि कोकिळेला राहवेना. सासूच्या देखत तिनं येऊन नीराबाईचे पाय धरले.

"आये, ते दूध मी ठेवलं व्हतं! जाऊबाय, कशापायी सोसलंत?"

"मला बोल ऐकायची सवय हाय गो... तू अजून कोवळी हायस."

सखुबाईनं कोकिळेला हाताला धरून उठवलं. मग तिनं पाळण्यातून रतनला उचललं, नीराबाईच्या ओटीत ठेवलं, आणि डोळ्यांना पदर लावत म्हणाली,

"चुलीवर पानी उकळतंय, थोरले. दूध तूच कर... याला दुसऱ्या कुनाच्या हातचं चालत न्हाय!"