न लागलेला गोळा

सून काय करते असं कोणी विचारलं की सासूबाई सांगायच्या, "चुका काढते. ऑफिसात बसून. माझ्यासारखी फुकट नाही." तसं ते खरंच आहे. व्हिडिओ गेम बाजारात जाण्याआधी मी तपासते. एकच उडी दोनशेदा मारायची, एकच दार तीनशेदा उघडायचं आणि कुठे काही वावगं दिसलं की नोंद करायची. नोंदीचा नियम सोपा आहे. चूक तीनदा दिसली पाहिजे, आणि दुसऱ्याने तसंच करून पाहिलं तर त्यालाही दिसली पाहिजे. जी एकालाच दिसते तिला आमच्याकडे चूक म्हणत नाहीत.

त्या वर्षी आमच्याकडे मारामारीचा एक गेम होता. दोन कंपन्यांचे लढवय्ये एकाच आखाड्यात उतरवायचे होते, तिकडचे बारा आणि आमचे बारा. आमच्यातला एक दिवट्या. उंच, काटक, डोक्यावर पुढे ओढलेली टोपी, त्यामुळे चेहऱ्याचं फक्त नाक आणि हनुवटी दिसायची, तीही बाजूने. खाली, पुढे आणि ठोसा अशी बटणं दाबली की तो उजवा हात मागे नेतो, तळहातात उजेडाचा गोळा धरतो आणि फेकतो. लागला तर समोरचा कोलमडतो. नाही लागला तर गोळा पडद्याच्या कडेबाहेर निघून जातो. सेकंदाचे साठ तुकडे केले की एकेका तुकड्याला आम्ही फ्रेम म्हणतो, आणि ही अख्खी फेक शेहेचाळीस फ्रेमची होती. चौदाव्या फ्रेमला गोळा हातातून सुटायचा. हे आकडे मला माझ्या फोन नंबरसारखे पाठ होते.

दिवट्याचं अंग माझ्या नवऱ्याचं होतं. त्याचं कामच ते. अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख, त्यावर चमकणारे ठिपके, भोवती कॅमेरे, आणि मध्ये हा उड्या मारणार, पडणार, फेकणार. संगणक ठिपक्यांची हालचाल उचलतो आणि चित्रातल्या माणसाला चढवतो. या फेकीसाठी त्याने महिनाभर स्वयंपाकघरात सराव केला होता. मोज्यांचा गोळा करून फ्रिजच्या दारावर मारायचा. "घरात काय आखाडा मांडलायस?" म्हणून सासूबाई ओरडायच्या, आणि गोळा टेबलाखाली गेला की वाकून त्याच काढून द्यायच्या. लढवय्याचं नाव कळलं तेव्हा तर त्यांनी डोक्यालाच हात लावला. "आमचा दिवटा खरोखरचा दिवट्या झाला म्हणायचा!"

तो जाऊन एक वर्ष चार महिने झाले होते. तापाचं निमित्त झालं आणि नऊ दिवसांत सगळं आटोपलं. मी कामावर परत गेले तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी, त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मला दुसरा लढवय्या देऊ केला. मी नको म्हटलं. फेकण्याआधी दिवट्याची डावी टाच किंचित उचलली जायची, नवऱ्याची जायची तशीच. ती टाच बघायला मिळावी म्हणून मी दिवसभर गोळे फेकत बसायची. घरी पोचले की सासूबाई विचारायच्या, "आज बरा होता का?" मी म्हणायची, "बरा होता." मग त्या म्हणायच्या, "तुला तरी रोज दिसतो."

एका सोमवारी सकाळी फेक सत्तेचाळीस फ्रेमची भरली.

मी पुन्हा मोजली. गोळा समोरच्याला लागला की शेहेचाळीस. समोरच्याला बाजूला उडी मारायला लावली आणि गोळा कोणालाच न लागता कडेबाहेर गेला, की सत्तेचाळीस. शेजारच्या टेबलावर आमच्यातला सगळ्यात तीक्ष्ण डोळ्यांचा माणूस बसतो. त्याला आम्ही भिंग म्हणतो. त्याने आपल्या यंत्रावर तसंच करून पाहिलं.

"माझ्याकडे दोन्हीत शेहेचाळीस. चहा घेतलास का सकाळी?"

"घेतला."

"मग अजून एक घे."

मंगळवारी अठ्ठेचाळीस झाल्या. दिवसातली पहिली न लागलेली फेक एक फ्रेम वाढवायची. नंतर कितीही फेका, यंत्र बंद करून पुन्हा लावा, त्या दिवसापुरता आकडा हलायचा नाही. शुक्रवारी एकावन्न होत्या. वाढलेल्या फ्रेम फेकीच्या शेवटी यायच्या, हात खाली येताना. इतक्या पटकन जायच्या की नुसतं बघून काही कळेना, म्हणून मी त्या एकेक करून थांबवून पाहिल्या. दिवट्या मान वळवत होता. समोरच्या लढवय्यावरून नजर काढून उजवीकडे, म्हणजे पडद्याच्या बाहेर, म्हणजे माझ्याकडे.

मी नोंद केली नाही. नियमाप्रमाणे ती चूकच नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात बावन्न, त्रेपन्न, चोपन्न. पंचावन्नाव्या फ्रेमला त्याच्या तळहातात पुन्हा उजेड दिसला. पहिला गोळा तर केव्हाच कडेबाहेर गेलेला असायचा. छप्पन्नाव्या फ्रेमला टोपीखालचा गाल दिसला. जबड्याच्या कोपऱ्याशी दाढीची एक छोटी जागा राहिली होती. रोज आरशापुढे पंधरा मिनिटं काढूनही माझ्या नवऱ्याची नेमकी तेवढीच जागा राहायची. ती कुठल्या चित्रकाराने काढलेली नव्हती. मी मूळ चित्रं उघडून पाहिली, तिथे टोपीखाली काहीच नव्हतं.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. भिंगने पाण्याची बाटली सरकवली.

आमच्या गेममध्ये कुठल्याही फेकीला एका सेकंदापेक्षा जास्त जागा दिलेली नाही. म्हणजे साठ फ्रेम. अजून चार हव्या होत्या, अजून चार दिवस. त्याच संध्याकाळी मास्तर माझ्या टेबलाशी आले.

"तुला आधी सांगतो. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको." त्यांनी चष्मा पुसला. "तिकडच्या कंपनीला सगळे लढवय्ये नव्याने रेकॉर्ड करून हवेत. आपल्या बाराही जणांच्या जुन्या हालचाली सोमवारी पाच वाजता काढतोय. सगळ्या यंत्रांवरून."

"प्रत ठेवतील ना?"

"ठेवतील कुठेतरी."

आधीची एक प्रत मी उघडून पाहिली होती. तिच्यात फेक शेहेचाळीस फ्रेमचीच होती. मी बोटांवर मोजलं. शनिवार, रविवार, सोमवार. एक दिवस कमी पडत होता.

मास्तरांना विचारून मी यंत्र घरी आणलं. शनिवारी दुपारी ते बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडलं. सासूबाई अगदी पुढे स्टूल घेऊन बसल्या. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण पहिल्याच फेकीला त्या म्हणाल्या, "टाच बघ त्याची! लहानपणापासून अशीच." मी तीस-चाळीस गोळे फेकून दाखवले. त्यांनी पदराने काच पुसली आणि उगाचच हात तिथेच ठेवला. त्या दिवशीचा आकडा सत्तावन्न.

रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं. वाढणाऱ्या फ्रेम, वळणारी मान, दाढीची जागा. अठ्ठावन्नावी फ्रेम थांबवून ठेवली. टोपी मागे सरकली होती, पाऊण चेहरा दिसत होता आणि तळहातातला गोळा छातीपर्यंत वर आला होता. चेहरा त्याचाच होता. मला वाटलं सासूबाई रडतील. त्यांनी स्टूल आणखी पुढे ओढलं.

"बंद कर ते," त्या म्हणाल्या.

"आई, नीट बघा तरी."

"नीटच बघतेय. नववं लागलं तेव्हा गच्चीच्या जिन्यावरून पडला होता तो. तेव्हापासून मान उजवीकडे वळली का कधी त्याची? हाक मारली तर अख्खा फिरायचा खांद्यासकट. तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. रस्ता ओलांडताना मी नेहमी त्याच्या उजव्या बाजूला चालायची, त्याला तिकडचं दिसायचं नाही म्हणून. पडद्यावरचे खांदे जागच्या जागी होते आणि फक्त मान वळली होती, गुळगुळीत, सहज. मोजमाप करणं हाच माझा धंदा, आणि नेमकी हीच गोष्ट मी दोन आठवडे मोजली नव्हती.

"मग हा कोण आहे, आई?"

"ते मला काय ठाऊक? पण आपला नाही. उद्या ते लोक काढून टाकतायत ना? टाकू देत." त्या उठल्या आणि वाळलेले कपडे घड्या घालायला घेतले. नंतर, एक टॉवेल तीनदा घडी घालून झाल्यावर, त्या म्हणाल्या, "दिसतो मात्र अगदी तसाच."

सोमवारी यंत्र परत ऑफिसात नेलं. एकोणसाठ. आता डोळे दिसत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. हात मागे गेला होता, पूर्ण ताणलेला, गोळ्यासकट. डावी टाच उचलली होती.

एकच फ्रेम हवी होती आणि पाचला सगळं जाणार होतं.

आमच्याकडे गंभीर चुकीची नोंद आली की ती तपासून होईपर्यंत बदल थांबतो. साडेचार वाजता मी लिहिलं, नव्या फेकीत बोटं मनगटातून आरपार जातात, तीनदा पाहिलं. असं काहीही होत नव्हतं. नवऱ्याच्या जागी घेतलेल्या नवीन मुलाने काम स्वच्छ केलं होतं. सात वर्षांत माझी एकही नोंद खोटी निघाली नव्हती, हे मास्तर नव्या लोकांना उदाहरण म्हणून सांगायचे.

"तीनदा?" त्यांनी विचारलं.

"तीनदा."

"तू म्हणतेस म्हणजे असणारच. उद्या दुपारी दोनला करू मग."

मला लाज वाटली. पण तो आपला नाही हे कळूनसुद्धा मला तो हवा होता, आणि त्यापुढे लाज फार टिकली नाही.

मंगळवारी सगळे जेवायला गेले. भिंग डबा घेऊन गेला. मी खुर्ची पुढे ओढली.

खाली, पुढे, ठोसा.

समोरचा उडी मारून बाजूला झाला. गोळा पडद्याच्या कडेबाहेर गेला.

दिवट्या वळला. मी फ्रेम एकेक करून पुढे नेल्या. पन्नास. पंचावन्न, उजेड. अठ्ठावन्न, टोपी. एकोणसाठ, ताणलेला हात.

साठ.

हात पुढे आला होता. बोटं उघडी होती. तळहात रिकामा होता.

मी पडदा कोपऱ्या-कोपऱ्याने तपासला. गोळा कुठेच नव्हता.

मला काही लागलं नाही. दिवे चालू होते, कोणाचा तरी फोन टेबलावर थरथरत होता. मी वाट पाहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही, तेवढं एक मी मोजलं नाही. मग पुन्हा फेक केली तर ती शेहेचाळीस फ्रेमची होती. मान सरळ, टोपी पुढे. पुन्हा केली. शेहेचाळीस. त्याच्यावर मी इतकी कधी चिडले नव्हते.

दोन वाजता जुन्या हालचाली काढल्या. माझ्या नोंदीखाली मी लिहिलं, पुन्हा दिसली नाही. ते वाचून मास्तर म्हणाले, "घरी जा तू आज. लवकर जा."

उन्हं अजून होती. मी चालतच निघाले. रस्ता ओलांडताना सवयीने डावीकडे एका माणसाची जागा सोडून चालले आणि जिने चढताना हातातली पिशवीही उजव्या हातात घेतली. सासूबाईंना काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. काढून टाकलं, संपलं, तुमचंच बरोबर होतं.

बेल वाजवायच्या आधीच त्यांनी दार उघडलं. मी आत गेले, चपला काढल्या आणि दार लोटायला मागे वळले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मान वर करून उघड्या दाराकडे बघत होत्या, माझ्या डोक्याच्याही वीतभर वर. मग त्या भिंतीला टेकून बाजूला सरकल्या आणि एका माणसाला आत यायला पुरेल एवढी वाट मोकळी केली.

"दार इतक्यात लावू नकोस," त्या म्हणाल्या.