वीस किलोच्या खाली

मी सेन्सर लावते. अंगाची ऊब दिसली की दिवा लागतो, शटर वर जातं, एवढंच ते काम. लोकांना त्यात जादू वाटते, मला फक्त एक बारीक स्क्रू दिसतो. तो डावीकडे फिरवला तर उंदीरही दिसतो, उजवीकडे फिरवला तर लहानसहान काही दिसत नाही.

शीतगृहाच्या मालकांनी मला मांजरांसाठी बोलावलं. माझी धाकटी बहीण तिथं खोकी भरायची, तिनंच माझं नाव सुचवलं होतं. थंड खोलीत मांजर हललं की शटर उघडायचं आणि सगळा गारवा बाहेर. "बाई, वीस किलोच्या खालचं काही दिसायलाच नको," मालक म्हणाले. मी स्क्रू फिरवला, गरम पाण्याची पिशवी दोरीला बांधून खोलीभर ओढली. शटर हललं नाही. काम चोख झालं म्हणून स्वतःवर खूशही झाले. शटरची आतली मूठ तुटलेली मी पाहिली होती. सेन्सर असताना मूठ कशाला, असं मालकांचं म्हणणं पडलं, आणि मी गप्प बसले.

बहिणीची मुलगी भिंगरी चार वर्षांची. वजन चौदा किलो. एका दुपारी ती आईच्या नकळत तिच्या मागून आत गेली. आई बाहेर आली, भिंगरी आतच राहिली. सापडली तेव्हा फार उशीर झाला होता.

चौकशीत मालकांनी कानांवर हात ठेवले. सेटिंग बाईंनी केलं, म्हणाले, आणि आईचं लक्ष कुठं होतं? बहिणीनं माझ्याशी बोलणं टाकलं. तिचा राग नाही आला मला. मालकांचा आला. या माणसाला त्याच खोलीत कोंडावं, त्यानं आतून हाका माराव्यात, एवढं एकच मला हवं होतं.

दीड महिन्यानं त्यांचाच फोन आला. रोज दुपारी रिकाम्या खोलीचं शटर आतून उघडत होतं. गेले मी. नाही कशी जाईन!

बाहेरच्या पॅनेलवर आतल्या प्रत्येक उबेची, ती जिथं असेल तिथं, पट्ट्यांची वेगळी ओळ दिसते. मांजराला एक पट्टी, मोठ्या माणसाला पाच. तीन झाल्या की शटर उघडतं. खोलीत खोक्यांशिवाय काही नव्हतं, मी कोपरे चाचपून आले. पॅनेलवर तीन पट्ट्यांची एक ओळ होती. मी स्क्रू फिरवून चारावर नेला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्या चार झाल्या. मी पाचावर नेलं. मालक भर उन्हात स्वेटर घालून उभे होते. हल्ली ऊबच येत नाही, म्हणाले. त्यांनी चहाचा कप पुढं केला. कप गरम होता, त्यांची बोटं बर्फासारखी.

तिसऱ्या दिवशी ते वैतागले. सगळे जेवायला गेले होते. "वायरिंगचा घोळ आहे, मीच बघतो," म्हणत ते आत शिरले. मागं शटर खाली आलं.

पॅनेलवर दोन ओळी होत्या. एक पाच पट्ट्यांची. एक, एका पट्टीची.

पाचाची ओळ दाराकडे सरकली. शटर वर गेलं. मालक दूर, खोक्यांपाशी पाठमोरे उभे होते. दारातून कुणीच आलं नाही. माझ्या कमरेच्या खालून गरम वारा गेला, एवढंच.

शटर पडलं. पॅनेलवर एकच पट्टी उरली.

आतून धपाधप थापा आल्या. "बाई, मी आहे आत! मी दिसत नाही का?"

चावी पॅनेललाच होती. फिरवली असती तर शटर उघडलं असतं. मी ती काढून पर्समध्ये टाकली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

थापा थांबेपर्यंत मी तिथंच बसले.

बहिणीच्या घरी जाताना रस्त्यात कुणीतरी माझं बोट धरलं. गरम, इवलासा हात. मी खाली पाहिलं नाही.

तिच्या जिन्याला खिडकी नाही. तिथला दिवा मीच बसवलाय, अंगाची ऊब दिसली की लागणारा. आम्ही पायरीवर पाय ठेवला आणि तो लागला.

वर बहिणीचं दार उघडलं.

माझं बोट सुटलं. हलकी पावलं धावत वर गेली. दार बंद झालं.

दिवा विझला.

मी हात हलवला. मग दोन्ही हात हलवले. अजून हलवतेय.