ब्रेक लावलेली खुर्ची

"क्षितिज, नीट बस हं! सोडतेय!"

केतकीने आजोबांच्या चाकाच्या खुर्चीचे दोन्ही ब्रेक टक् टक् ओढले आणि हात काढले. बिल्डिंगच्या दारासमोरच्या उतारावर खुर्ची क्षणभर थांबली आणि मग निघालीच की! खाली उभ्या असलेल्या शेजारच्या कानडी पवित्राने ती कशीबशी अडवली.

"अगं, ब्रेक लावूनसुद्धा सरकली!" पुण्याहून सुट्टीला आलेला मामेभाऊ क्षितिज ओरडला.

"म्हणजे अक्का खरं बोलत होती," केतकी म्हणाली.

काल याच उतारावरून आजोबांची खुर्ची घसरून भिंतीवर आदळली होती. नशीब, खरचटण्यावर निभावलं! त्यांना सांभाळणारी धनलक्ष्मी अक्का कळवळून बाबांना सांगत होती, "अण्णा, ब्रेक लावला होता मी!" पण बाबांनी ऐकून घेतलं असेल तर शपथ! उद्यापासून येऊ नको, म्हणाले आणि मोकळे झाले. अर्धांगवायूमुळे आजोबांचे शब्द फार सावकाश येतात. तेही काही सांगू बघत होते. पण थांबायला मोठ्यांना सवड कुठली! आज सकाळी केतकी त्यांच्यापुढे मांडी ठोकून बसली, तेव्हा कुठे वाक्य पुरं झालं. "ब्रेकचा... आवाज... आला... होता."

आता तिघंही खुर्चीपाशी पालथी पडली. दांडा ओढला की लोखंडी पट्टी टायरवर दाबून बसायला हवी. इथे ती नुसती टेकत होती. पवित्राने टायर दाबला, तर अंगठा खोल आत!

"हवाच नाही! मग ब्रेक धरणार कशाला? स्वल्प थांबा, सायकलचा पंप आणते."

"आण, पण भरू नकोस," केतकी म्हणाली. "आधी बाबांना बसवू या."

बाबा ऑफिसला निघालेच होते. "बाबा, दोनच मिनिटं! ब्रेक तुम्हीच लावा आणि बसा."

"बघा, याला म्हणतात ब्रेक लावणं!" बाबांनी ऐटीत दांडे ओढले, बसले आणि घसरले! खाली तिघं हात पसरून तयारच होती.

"बाबा, दर रविवारी पेट्रोल बंकवर गाडीची हवा बघता. हिची कधी बघितली होती?"

बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी पंप घेऊन स्वतः हवा भरली. पुन्हा ब्रेक लावून बसले. खुर्ची जागची हलेना!

"शाब्बास रे पोरांनो! इंजिनियर मी, आणि डोकं चालवलं तुम्ही." असं म्हणून त्यांनी ऑफिसला उशीर होणार असल्याचं कळवलं आणि गाडी काढून अक्काला घेऊन आले.

उतारापाशी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "चूक माझी होती, अक्का. तू ब्रेक लावला होतास."

अक्काने पदराने डोळे पुसले. "अण्णा, तुम्ही इतकं ठासून बोललात, की रात्री मलाच वाटायला लागलं, विसरलेच असेन मी."

कौतुकाने फुललेल्या केतकीने पुढे होऊन अक्काचा हात धरला. बाबा तिथेच पायरीवर बसले आणि म्हणाले, "बस अक्का. काल काय काय झालं, ते आता पहिल्यापासून सांग. मी ऐकतो."