हेमराजच्या वाटणीचं पाणी

सुरतेत लिंबायतला आमच्या गल्लीत नळ सकाळी यायचा. सासूबाई सगळ्यांत आधी एक तांब्या भरायच्या आणि देवळीत ठेवून त्यावर पेला पालथा घालायच्या. घरातला माणूस परदेशी गेला की त्याच्या वाटणीचं पाणी रोज भरायचं आणि संध्याकाळी ते तुळशीला घालायचं, हा त्यांच्या माहेरचा, साक्रीकडचा रिवाज. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण सासूशी आणि नळाशी वाद घालून काही मिळत नाही, म्हणून मी गुपचूप माझे हंडे भरायची.

हेमराज माझा नवरा. कडोदऱ्याला कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये तो बॉयलरवर होता, तिथून कुवेतला समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर गेला. नव्वदच्या होळीला सुटीवर आला तेव्हा आम्हाला त्या देशाच्या गोष्टी सांगत बसला. तिथं नदीच नाही. जमिनीखालून तेल काढायचं, जगाला विकायचं, आणि त्याच तेलावर समुद्र उकळायचा. त्या वाफेचं पाणी अख्खा देश पितो. रस्ते गुळगुळीत, घराघरात थंड हवा, पाण्याच्या टाक्या आभाळाला टेकलेल्या. तांदूळ बाहेरचा, भाजी बाहेरची, राबणारेही बाहेरचे.

"आनि लढाले कोन?" सासूबाईंनी विचारलं.

"फौज शे, माय. पन देश इतला धाकला, सकाळले निंघनं ते दुपारले संपस. खरं काम पडनं ते दुसरासलेच बलावनं पडी."

"मंग ती आग कोन सांभाळस?"

"आम्हीच," हेमराज म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

ऑगस्टमध्ये शेजारच्या देशाचे रणगाडे आले आणि तो देश एका सकाळीत गेला. माझा धाकटा दीर ललित रोज पेपर आणून मोठ्यानं वाचायचा आणि चिडायचा. एवढं तेल, एवढ्या टाक्या, आणि दाराला साधी कडी नाही, म्हणायचा. पुढे आपली माणसं विमानांनी मुंबईला उतरू लागली. सुरतचेही बरेच परतले. हेमराज आला नाही, त्याच्या प्लांटवरचा गोडादऱ्याचा बळीरामही आला नाही. परतलेल्या एकानं सांगितलं की पाण्याच्या प्लांटवरची माणसं सैन्यानं अडवून ठेवलीत, कारण शहर कुणाच्याही हाती असलं तरी पाणी सगळ्यांनाच लागतं. साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम मी घरी करायची, ते त्या दिवसापासून हातून होईना.

त्याच महिन्यात तुळस करपली. मी तांब्यात बोट घातलं. पाणी कोमट होतं. जिभेला लावलं तर खारट. आमच्या बोरिंगचं मचूळ पाणी मला ओळखीचं आहे. हे डुमसच्या किनाऱ्यावर लाटेबरोबर तोंडात जातं तसं होतं.

मी तांब्या चिंचेनं घासला. दुसरा आणला. सकाळी गोडं पाणी भरून कपाटात कुलूपबंद ठेवला आणि किल्ली माझ्या कमरेला खोचली. संध्याकाळी पुन्हा खारं. जानेवारीत तिकडे बॉम्ब पडू लागले, तेव्हापासून त्याला रॉकेलचा वास येऊ लागला आणि वर काळसर तवंग धरू लागला.

सासूबाईंना त्याचं नवल नव्हतं. "त्याले गोड पानी जास, तो खारं धाडस," त्या म्हणाल्या. "दुसरं काय शे त्यानाजवळ?"

ललितला मात्र ते सहन होईना. "मायच मीठ टाकस, वहिनी. दुसरी किल्ली व्हई तिनाजवळ. दुःखमां तिले कळत बी नसी." तो डाईंगला, कापड रंगवायच्या कारखान्यात होता. पाईप कुठं गळतोय ते सापडलं नाही की ते लोक पाण्यात रंग सोडतात. जिथं रंग निघेल तिथं गळती. मला ते पटलं. फेब्रुवारीत एका सकाळी सासूबाई गिरणीत दळण घेऊन गेल्या असताना त्यानं पुडीतला निळा रंग तांब्यात टाकला. पाणी शाईसारखं झालं.

संध्याकाळी तांब्यात नितळ, खारं पाणी होतं.

ललितनं मोरी पाहिली, तुळशीची माती उकरली, सासूबाईंचे हात आणि पदर पाहिले, गल्लीतली गटारं पाहिली. निळा थेंब कुठंच नव्हता. तो खाटेवर जाऊन पडला.

दुसऱ्या दिवसापासून तांब्यात काहीच परत येईना. सकाळी साधं पाणी भरायचं, संध्याकाळी तळ कोरडा. सासूबाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी हसू दिसलं. "पेस, मना आंडोर पेस," मुलगा पाणी पितोय, असं त्या शेजारणींना सांगायच्या. मलाही आशा वाटू लागली. खोटं कशाला बोलू, मी रिकामा तांब्या छातीशी धरून रडले.

लढाई संपली. जूनमध्ये, भर दुपारी, बळीराम दारात उभा राहिला. इतका वाळलेला की मी ओळखलंच नाही. सासूबाई पुढे आल्या तसा तो एक पाऊल मागे सरकला.

"माय," तो म्हणाला, "तू जित्ती शे?"

त्याला बसवलं. तो सासूबाईंकडे बघायचं टाळत माझ्याशीच बोलू लागला. प्लांट बंद पडला, समुद्रावर तेल पसरलं, तेव्हा त्यांना तळघरात कोंडलं होतं. तिथल्या कोरड्या नळाखाली हेमराजचं टमरेल असायचं. त्यात अडकल्यापासूनच रोज पाणी यायचं. थोडं हेमराज प्यायचा, थोडं बाकीच्यांना द्यायचा.

"चव आपल्या लिंबायतच्या नळाची, वहिनी. आम्ही कुणी विचारलं नाही. तो म्हणायचा, मनी माय धाडस. टमरेलात तळघरात झिरपलेलं खारं पाणी भरून परत ठेवायचा. रिकामं भांडं मायला कसं द्यायचं, म्हणायचा."

"मग?"

"एक दिवस पाणी निळं आलं."

ललित उठून उभा राहिला.

"हेमराजनं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. म्हणाला, हाई मायना हातनं पानी नही. मनी माय गयी." बळीरामनं तोंडावरून हात फिरवला. "पत्र्याच्या तुकड्यानं मिशी काढली. दक्षिणेकडं तोंड करून सगळं पाणी तिच्या नावानं सोडलं. तर्पण. त्या दिवशी टमरेलात शेवटचं खारं भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी साधं आलं, तेही सोडलं. पाणी पी म्हणून आम्ही पाया पडलो. म्हणाला, हाई तिनं शे, तिलेच देस. रोज सोडायचा. आम्ही छतातून गळणारं धुराचं काळं पाणी प्यायलो. त्याला ते पचलं नाही."

ललित भिंतीला टेकून खाली बसला.

"सुटका व्हायच्या आधीच गेला," बळीराम म्हणाला.

माझे हात आपोआप हंड्याकडे गेले. मी पेला भरून सासूबाईंच्या ओठांना लावला.

त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

"नको व बाई. माले तहान नही."

फेब्रुवारीपासून, त्या निळ्या पाण्यापासून, त्या हेच म्हणत होत्या. तेव्हापासून त्यांना पाणी पिताना मी एकदाही पाहिलं नव्हतं.