शनिवारच्या चुका

बार्शीत लोखंडेबाईंच्या इंग्रजीच्या क्लासात शनिवार हा चुकांचा वार. कर्ता ‘ही’ किंवा ‘शी’ असला की क्रियापदाला शेपूट लागतं, ‘आय’ नि ‘दे’ असला की लागत नाही, ही कटकट सोमवारची. शनिवारी पोरांनी खुशाल ‘शी गो’ म्हणावं, कुणी हसायचं नाही. कोण किती सुधारलं ते पुढं कळावं म्हणून बाई सगळं रेकॉर्ड करून ठेवत.

याच क्लासातला सारंग बिडवे पुण्यात मोठा माणूस झाला. तीन वर्षांपूर्वी पेढे घेऊन आला आणि बारा वर्षांचे शनिवार मागून घेऊन गेला. म्हणाला, “आपल्याकडच्या पोरांना शिकवणारं यंत्र करतोय, बाई.” बाईंना कोण अभिमान! लगेच दिले.

आणि आज क्लासातलीच जुनी विद्यार्थिनी निलोफर आतार निकालाचा कागद घेऊन समोर उभी. परदेशी रुग्णांशी फोनवर बोलणाऱ्या नर्सची जागा होती. मुलाखत हल्ली माणूस घेत नाही, बोलणं तपासणारं यंत्र घेतं, वाणीमापक. त्याचा शेरा एकदा बसला की सगळीकडे तोच चालतो, फेरपरीक्षा नाही.

“एकही चूक झाली नाही, बाई. तरी नापास.”

बाईंनी वाचलं. व्याकरण शंभर टक्के. ‘शी’ आणि क्रियापद यांच्यामध्ये पाव सेकंदाचा विराम. भाषा मागाहून शिकलेली. शिफारस नाही. खाली निर्मात्याचं नाव, सारंग बिडवे.

बाईंनी तिथल्या तिथं फोन लावला. “तो पाव सेकंद यंत्राला कुणी दाखवला रे?”

“तुमच्या शनिवारांनी, बाई. शिकवणारं यंत्र कुणालाच नको होतं. निवडणारं सगळ्यांना हवंय.”

“तूही ‘शी’पाशी अडखळायचास.”

“म्हणून तर मी ती परीक्षा दिली नाही,” सारंग शांतपणे म्हणाला.

बाईंनी फोन आपटला. राग अंगात मावेना. “खाल्ल्या घरचे वासे मोजले मेल्यानं! पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं गं त्याला.”

निलोफरनं मान हलवली नाही.

“त्या शनिवारांत माझाही आवाज होता?”

“होता. सगळ्यांचेच होते.”

निलोफरनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली.

“मग तो देताना मला का नाही विचारलंत, बाई?”