दहा मिनिटं गप्प

"शूऽऽ... दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही!"

ओळख ना पाळख, आणि कानांवर हेडफोन चढवलेला तो उंच माणूस तिलाच गप्प करत होता – तिच्याच शिवणखोलीत!

वरच्या मजल्यावरच्या काकांनी तक्रार केली होती – खालच्या शिलाई मशीनची घरघर दिवसभर डोकं उठवते. आवाज मापाबाहेर निघाला तर खोली सोडायची, असं घरमालकाने बजावलं होतं. मायलेकींचं पोट तर त्याच मशीनवर. म्हणून नगरपालिकेच्या ऑफिसातून आवाज मोजायला हा आला होता. तीन दिवस, रोज दहा मिनिटं.

रेकॉर्डर सुरू केला की तो आधी माइकमध्ये तारीख, वेळ, जागा सांगे. मग कुणी ब्र काढायचा नाही. ती मनातल्या मनात देवाचं नाव घेत मशीन चालवी, तो ऐकत बसे. पहिल्या दिवशी तिची नजर टाक्यावर होती. दुसऱ्या दिवशी... टाका चुकला.

"आई विचारत होती, साहेबांना वाचा आहे ना?" दहा मिनिटं सरताच ती म्हणाली.

"आहे. इथे आलं की बसते."

तिसऱ्या दिवशी त्याने अचानक हात वर केला. "मशीन थांबवा!"

हेडफोन तिच्या कानांवर ठेवताना त्याची बोटं केसांना लागली – न लागली. मशीन बंद, तरी घरघर चालूच! वरून येत होती.

दोघं जिना चढून गेली. काकांचा जुना फ्रिज एका आखूड पायावर थरथरत होता. तिने चिंधीची घडी पायाखाली सारली. सगळं शांत.

"म्हणजे मी माझ्याच फ्रिजची तक्रार केली?" काका ओशाळले. "पोरी, चुकलं गं."

"खोली राहिली का गं?" खाली येताच आईने आतून विचारलं.

"राहिली, आई!" तिने मशीनला हात जोडले. छातीवरचा धोंडा उतरला. पण... तो वायर गुंडाळत होता. हळूहळू, उगाचच.

"एक रेकॉर्डिंग राहिलंय." त्याने बटण दाबून माइक ओठांशी नेला. "तारीख सोळा. वेळ अकरा वीस. शिवणखोली, मशीन बंद. मोजणाऱ्याला इथे रोज यावंसं वाटतं... तक्रार नसली तरी. शिवणारीची हरकत आहे का?"

आणि ओठांवर बोट ठेवून बसला. दहा मिनिटं!

पंखा फिरत होता. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. एक मिनिट... दीड...

"नाही हो हरकत!" तिच्या तोंडून निघालंच. मग जीभ चावून – "बिघडलं ना रेकॉर्डिंग?"

"पार बिघडलं," तो हसला. "उद्या पुन्हा घ्यावं लागणार."